सुधारणा की क्रांती : लांबणीवर टाकलेला प्रश्न

२७ ऑगस्ट १८९५. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्न गावातून एक होडी समुद्रात निघाली. होडीत चार माणसं आणि एक कलश. कलशात फ्रीडरिश एंगेल्सची राख होती. ती समुद्रात सोडावी, ही त्याची शेवटची इच्छा. चौघांपैकी एक कार्ल मार्क्सची धाकटी मुलगी एलिनॉर. दुसरा तिचा जोडीदार एडवर्ड एव्हलिंग. तिसरा मार्क्सचा जुना सोबती, पेशाने शिंपी असलेला फ्रीडरिश लेस्नर. आणि चौथा पंचेचाळीस वर्षांचा जर्मन संपादक, एडुआर्ड बर्नस्टाइन. एंगेल्सचा त्याच्यावर इतका विश्वास होता, की आपल्या मागे हस्तलिखितं सांभाळायची जबाबदारी त्याने ज्यांच्यावर टाकली, त्यांत बर्नस्टाइन होता.

वर्षभराने याच माणसाने एक लेखमाला सुरू केली. मार्क्सची काही महत्त्वाची भाकितं खरी ठरलेली नाहीत आणि आपण ते मोकळेपणाने मान्य करायला हवं, असं तो त्यात म्हणू लागला. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या कामगार पक्षात खळबळ माजली. घरातल्याच माणसाने देवघरातली मूर्ती हलवावी, तसं ते होतं.

‘सुधारणा की क्रांती’ हा वाद आपल्यापर्यंत बहुतेक वेळा दोन घोषणांच्या रूपात पोहोचतो. एक म्हणते, सगळी व्यवस्थाच उलथून टाका. दुसरी म्हणते, जे मिळतंय ते पदरात पाडून घ्या, उरलेलं उद्या बघू. बर्नस्टाइन दुसऱ्या बाजूचा आणि त्याच्याविरुद्ध उभी राहिलेली रोझा लक्झेंबर्ग पहिल्या बाजूची, अशी विभागणी पाठ्यपुस्तकात सापडते. ती चुकीची नाही. पण या दोघांचं आणि त्यांच्या पक्षाचं पुढे काय झालं ते पाहिलं, की खरी फूट भलत्याच ठिकाणी पडलेली दिसते.

बंदीने शिकवलेले दोन धडे

जर्मनीत कामगारांचे सुरुवातीला दोन पक्ष होते. एक १८६३ साली फर्डिनांड लासालने लाइपझिगमध्ये स्थापन केलेला. सर्वांना मताचा अधिकार आणि सरकारी मदतीने कामगारांच्या सहकारी संस्था, हा त्याचा मार्ग. दुसरा १८६९ साली ऑगस्ट बेबेल आणि विल्हेल्म लिबक्नेख्त यांनी उभा केलेला, मार्क्सच्या विचारांना जवळचा. बेबेल स्वतः कातारी, म्हणजे लेथवर काम करून पोट भरणारा कारागीर. १८७५ साली गोथा या गावात दोन्ही पक्ष एक झाले. बँकेत कारकुनी करणारा, रेल्वे इंजिन ड्रायव्हरचा मुलगा असलेला पंचविशीतला बर्नस्टाइन त्या बैठकीला हजर होता. एकीसाठी केलेल्या वैचारिक तडजोडी पाहून लंडनमध्ये बसलेला मार्क्स मात्र चिडला होता.

तीनच वर्षांनी, १८७८ साली, सम्राट विल्हेल्मवर दोन हल्ले झाले. त्यांच्याशी पक्षाचा संबंध नव्हता, पण बिस्मार्कला निमित्त मिळालं. समाजवाद्यांविरुद्ध कायदा आला. वर्तमानपत्रं बंद, सभा बंद, संघटना बेकायदा, कार्यकर्ते आपापल्या शहरांतून हद्दपार. एक फट तेवढी राहिली. निवडणुकीला उभं राहायला मनाई नव्हती. म्हणजे पक्ष बंदीत आणि पक्षाचे लोक संसदेत, असा विचित्र प्रकार बारा वर्षं चालला.

बर्नस्टाइन या काळात झ्युरिकमध्ये होता. पक्षाचं साप्ताहिक तिथे छापलं जाई आणि चोरून सीमेपलीकडे पाठवलं जाई. १८८१पासून तो त्याचा संपादक. बिस्मार्कच्या दबावाखाली १८८८ साली स्वित्झर्लंडने त्याला घालवलं, तेव्हा तो लंडनला गेला. जर्मनीत पाऊल ठेवलं तर अटक ठरलेली होती. १९०१पर्यंत त्याला मायदेशी परतता आलं नाही. सुधारणावादाचा हा जनक आरामखुर्चीत बसलेला गृहस्थ नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

बिस्मार्कच्या एका हातात छडी होती, तर दुसऱ्या हातात खाऊ. १८८३ साली आजारपणाचा विमा, १८८४ साली अपघाताचा, १८८९ साली अपंगत्व आणि म्हातारपणाचा. पेन्शन सत्तराव्या वर्षी मिळणार होती आणि कामगारांत सत्तरी गाठणारे थोडेच. तरीही सरकारने कामगारांच्या आजारपणाची जबाबदारी घेणं, ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. कामगारांनी विमा घेतला आणि मत मात्र समाजवाद्यांनाच दिलं. १८९०च्या निवडणुकीत पक्षाला १४ लाखांहून जास्त मतं पडली. कुठल्याही पक्षापेक्षा अधिक. त्याच वर्षी बंदीचा कायदा संपला.

या बारा वर्षांनी पक्षाला एकाच वेळी दोन उलटे धडे दिले. पहिला : हे राज्य आपलं शत्रू आहे, ते कधीही आपल्या मुसक्या बांधू शकतं. दुसरा : मतपेटी चालते. दोन्ही धडे खरेच होते. त्यांचा एकमेकांशी मेळ कसा घालायचा, हे मात्र ठरलं नाही.

एका कागदावर दोन पक्ष

१८९१ साली एर्फुर्टच्या अधिवेशनात पक्षाने नवा कार्यक्रम मंजूर केला. त्याचे दोन भाग होते. पहिला कार्ल काउट्स्कीने लिहिला. त्यात म्हटलं होतं, की छोटे उद्योग बुडत जाणार, संपत्ती मूठभरांच्या हाती जाणार, आर्थिक अरिष्टं दिवसेंदिवस तीव्र होणार आणि उत्पादनाच्या साधनांवरची खासगी मालकी संपवल्याशिवाय सुटका नाही. दुसरा भाग बर्नस्टाइनने लिहिला. त्यात रोजच्या मागण्या होत्या. वीस वर्षांवरच्या सर्व स्त्री-पुरुषांना मताचा अधिकार, आठ तासांचा कामाचा दिवस, मोफत औषधोपचार, धर्मापासून मोकळ्या शाळा, वाढत्या उत्पन्नावर वाढता कर.

दोन्ही भाग आपापल्या जागी स्पष्ट आहेत. पण पहिल्या भागातून दुसऱ्यात कसं जायचं आणि दुसऱ्यातल्या मागण्या मिळाल्यावर पहिल्यातलं उद्दिष्ट कसं गाठायचं, यावर एकही वाक्य नाही. काउट्स्कीने यातून वाट काढली. आपला पक्ष क्रांतिकारक आहे, पण क्रांती ‘घडवणारा’ नाही, असं त्याने मांडलं. क्रांती इतिहासाच्या ओघात येईल. तोवर आपण संघटना वाढवायची.

आणि ती वाढली. पक्षाची डझनावारी वर्तमानपत्रं निघू लागली. कामगारांची गायन मंडळं, व्यायाम संघ, सायकल क्लब, वाचनालयं उभी राहिली. एखादा कामगार सकाळी पक्षाचा पेपर वाचून संध्याकाळी पक्षाच्याच क्लबात गात असे. कारखान्यात ज्याला कोणी विचारत नव्हतं, त्याला इथे नाव होतं, मान होता. वर्षानुवर्षं वर्गणी भरून, तुरुंगवास सोसून लोकांनी हे उभं केलं होतं. पुढे जे घडलं ते समजून घ्यायचं, तर या संघटनेवरचं त्यांचं प्रेम आधी समजून घ्यावं लागतं.

जे करायचं, ते बोलायचं नाही

१८९६ ते १८९८ या काळात बर्नस्टाइनचे लेख काउट्स्कीच्याच साप्ताहिकात आले. १८९९ साली त्यांचं पुस्तक झालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मध्यमवर्ग नाहीसा होत नाहीये. छोटे उद्योग टिकून आहेत. कंपन्यांच्या शेअर्समुळे मालकांची संख्या घटत नसून वाढते आहे. कामगारांचं राहणीमान खालावत नसून हळूहळू सुधारतं आहे. भांडवलशाही उद्या कोसळणार, या भरवशावर बसणं म्हणजे न येणाऱ्या गाडीची वाट बघणं. समाजवाद अटळ आहे म्हणून नव्हे, तर तो न्याय्य आहे म्हणून हवा. आणि त्याची वाट लोकशाही, कामगार संघटना, सहकारी संस्था यांतून जाते. शेवटी त्याने असंही लिहिलं, की ज्याला सगळे समाजवादाचं अंतिम ध्येय म्हणतात, त्यात आपल्याला फारसा रस नाही. आपल्या लेखी चळवळ हेच सर्व काही.

हे शेवटचं वाक्य जन्मभर त्याच्या मानगुटीवर बसलं. पण पक्षातल्या मुरब्बी लोकांना खटकलं ते वेगळंच. पक्षाचा सचिव इग्नाझ आउअर याने बर्नस्टाइनला पत्र लिहिलं. त्याचा सूर असा : अरे बाबा, तू म्हणतोस तसे ठराव कोणी करत नाही. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, करायच्या असतात.

सगळ्या वादातलं हे सगळ्यात प्रामाणिक पत्र असावं. पक्ष रोज सुधारणाच करत होता. बर्नस्टाइनचा गुन्हा एवढाच, की त्याने ते उघडपणे सांगितलं.

बर्लिनमध्ये आलेली नवखी मुलगी

मे १८९८मध्ये रोझा लक्झेंबर्ग बर्लिनला आली. वय सत्तावीस. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमधली, ज्यू, लहानपणच्या दुखण्याने किंचित लंगडत चालणारी. झ्युरिकमधून पोलंडच्या औद्योगिक विकासावर डॉक्टरेट घेतलेली. जर्मन नागरिकत्वासाठी तिने कागदोपत्री लग्न केलं होतं. पक्षातले बहुतेक नेते तिच्यापेक्षा वयाने मोठे, पुरुष आणि जर्मन. आल्यानंतर काही महिन्यांतच लाइपझिगच्या एका समाजवादी दैनिकातून तिने बर्नस्टाइनला उत्तर द्यायला सुरुवात केली. त्या लेखांची पुस्तिका १८९९ साली निघाली. तिच्या नावातच प्रश्न होता : सामाजिक सुधारणा की क्रांती?

रोझा सुधारणांच्या विरोधात होती, असा एक गैरसमज आहे. तो खरा नाही. पगारवाढीसाठी, आठ तासांसाठी, मताधिकारासाठी लढायलाच हवं, असं ती म्हणे. कारण त्या लढ्यातच कामगार शहाणा होतो. तिचा आक्षेप वेगळा होता. ध्येय सोडून दिलं, तर तुम्ही त्याच गावाला जाणारी लांबची, सुरक्षित वाट निवडलेली नसते. तुम्ही दुसऱ्याच गावाला निघालेले असता. उधारीची सोय आणि शेअर बाजार यांमुळे अरिष्टं टळतात, हे बर्नस्टाइनचं म्हणणंही तिला पटत नव्हतं. उधारी वाढली की धंदा फुगतो आणि फुटतो तेव्हा जास्त जोरात फुटतो, असं तिचं म्हणणं होतं.

कामगार संघटनांच्या कामाला तिने ग्रीक कथेतल्या सिसिफसची उपमा दिली. डोंगरावर धोंडा ढकलायचा, तो पुन्हा खाली येणार, पुन्हा ढकलायचा. आज मिळालेली पगारवाढ उद्या महागाई किंवा मंदी खाऊन टाकते, म्हणून. संघटनांचे नेते हे कधीच विसरले नाहीत. आपण जन्मभर केलेल्या कामाला कालची आलेली पोरगी व्यर्थ म्हणते, हा राग होता.

कोण बरोबर होतं? कामगारांच्या राहणीमानाबद्दल आणि मध्यमवर्गाबद्दल बर्नस्टाइनचं निरीक्षण पुढच्या काळात जास्त टिकलं. पण सत्तेबद्दल रोझाची नजर जास्त पक्की होती. जर्मनीतलं सगळ्यात मोठं राज्य प्रशिया. तिथे भरलेल्या कराप्रमाणे मतदारांचे तीन वर्ग पाडलेले असत आणि श्रीमंताच्या मताचं वजन गरिबाच्या मताच्या कित्येक पट भरे. १९०८ साली तिथे पक्षाला जवळपास पाव हिस्सा मतं पडली आणि ४४३पैकी जागा मिळाल्या ७. मतपेटीची वाट मोकळी असेल तर बर्नस्टाइन बरोबर. पण त्या वाटेवर कुलूप असेल तर? गंमत म्हणजे ते कुलूप तोडण्यासाठी कामगारांनी राजकीय संप करायला हरकत नाही, असं खुद्द बर्नस्टाइनही म्हणत होता. या सार्वत्रिक संपाची खरी धास्ती होती ती संघटनांच्या नेत्यांना. तिजोरी रिकामी होईल, सरकार बंदी घालेल, उभारलेलं सगळं जाईल. १९०६ साली मानहाइमच्या अधिवेशनात पक्षाने संघटनांशी समझोता केला आणि असा संप त्यांच्या संमतीशिवाय होणं अशक्य झालं.

त्याआधी १९०३ साली ड्रेस्डेनला पक्षाने बर्नस्टाइनच्या विचारांचा निषेध केला होता. २८८ विरुद्ध ११. टाळ्या झाल्या. बर्नस्टाइन पक्षात राहिला आणि पक्ष जसा चालला होता तसाच चालत राहिला. प्रश्न सुटला नाही, नुसता इतिवृत्तात गेला.

श्टुटगार्टमधले दोन ठराव

ऑगस्ट १९०७मध्ये श्टुटगार्टला आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली. मुंबईच्या मादाम भिकाजी कामांनी स्वतंत्र भारताचा झेंडा फडकवला, तो याच परिषदेत. त्या प्रसंगाचं चित्र आपण शाळेत पाहिलेलं असतं. पण त्याच सभागृहात वसाहतींवर काय वाद चालला होता, ते कोणी सांगत नाही. समाजवाद्यांनी वसाहतवादाला सरसकट विरोध करू नये, समाजवादी राजवटीतही ‘सुसंस्कृत’ देशांना इतरांवर काही काळ पालकत्व करावं लागेल, असं म्हणणारे तिथे बरेच होते. बर्नस्टाइन त्यांच्यातला एक. काउट्स्कीने त्याला विरोध केला. अखेर हा विचार १२७ विरुद्ध १०८ मतांनी फेटाळला गेला. लोकशाहीवर इतका विश्वास ठेवणारा माणूस कामांच्या देशातल्या लोकांना ती लगेच द्यायला तयार नव्हता. आपल्याला बर्नस्टाइन वाचायचा, तर हेही वाचावं लागतं.

दुसरा ठराव युद्धाबद्दल होता. त्यातली धारदार दुरुस्ती रोझा, लेनिन आणि मार्तोव यांनी सुचवली. युद्ध रोखायचा सर्वतोपरी प्रयत्न करायचा. तरीही ते झालंच, तर त्या संकटाचा उपयोग भांडवली सत्ता संपवायला करायचा. ठराव मंजूर झाला. जर्मन पक्षानेही तो स्वीकारला.

४ ऑगस्ट

१९१२च्या निवडणुकीत पक्षाला साडेबेचाळीस लाखांच्या आसपास मतं पडली. दर तीन मतदारांमागे एकाहून जास्त. ३९७पैकी ११० जागा. संसदेतला सगळ्यात मोठा पक्ष. १९१४पर्यंत सभासद दहा लाखांवर गेले, तर संलग्न कामगार संघटनांचे पंचवीस लाखांच्या घरात.

ऑगस्ट १९१४मध्ये युद्ध आलं. सरकारला युद्धासाठी कर्ज हवं होतं आणि त्याला संसदेची मंजुरी लागत होती. ३ तारखेला पक्षाच्या खासदारांची बंद दाराआड बैठक झाली. मंजुरी द्यावी म्हणणारे ७८, विरोधात १४. दुसऱ्या दिवशी सभागृहात शिस्त म्हणून सगळ्यांनी एकमुखाने होकार दिला. पक्षातर्फे निवेदन वाचणारा ह्यूगो हासे स्वतः आदल्या दिवशी विरोधकांत होता.

का? कारणं खोटी नव्हती. समोर झारचा रशिया होता आणि त्याची कामगारांनाही भीती वाटत होती. रस्त्यावरची हवा फिरलेली होती. आणि नकार दिला तर १८७८ पुन्हा येणार होतं. वर्तमानपत्रं जप्त, कार्यालयांना टाळी, तिजोऱ्या सरकारजमा. चाळीस वर्षांत दमडी-दमडी जोडून उभं केलेलं घर वाचवायचं होतं. चळवळ हेच सर्व काही, हे वाक्य ज्यांनी ड्रेस्डेनला धिक्कारलं होतं, त्यांच्यातल्याच अनेकांनी ते त्या दिवशी अमलात आणलं. फक्त चळवळीच्या जागी आता संघटना आली होती.

त्या दिवशी बर्नस्टाइननेही होकाराचं मत दिलं. पण त्याचं मन त्याला खाऊ लागलं. जून १९१५मध्ये त्याने हासे आणि काउट्स्की यांच्यासह जाहीर पत्रक काढलं, की हे आता बचावाचं युद्ध राहिलेलं नाही, मुलूख जिंकण्याचं झालं आहे. डिसेंबर १९१५मध्ये पक्षाच्या २० खासदारांनी शिस्त मोडून कर्जाविरुद्ध मत दिलं. त्यात तो होता. एकट्याने विरोधी मत द्यायची सुरुवात वर्षभर आधी विल्हेल्म लिबक्नेख्तचा मुलगा कार्ल याने केली होती. रोझा युद्धाचा बहुतेक काळ तुरुंगात होती.

एप्रिल १९१७मध्ये युद्धविरोधी लोकांनी वेगळा पक्ष काढला. जागा कोणती? गोथा. तेच गाव. सुधारणावादी बर्नस्टाइन, मध्यममार्गी काउट्स्की आणि रोझाचा क्रांतिवादी स्पार्टाकस गट, तिन्ही एका पक्षात. जुन्या वादातले सगळे वैरी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला राहिला तो पक्ष, ज्याच्या कपाटात एर्फुर्टचा कार्यक्रम अजून तसाच होता.

चार दिवस

नोव्हेंबर १९१८मध्ये जर्मनीत खरोखर क्रांती झाली. ती पक्षाने केली नाही. युद्धाला कंटाळलेल्या खलाशांनी, सैनिकांनी आणि कामगारांनी केली. सम्राट गेला आणि सत्ता पक्षाध्यक्ष फ्रीडरिश एबर्टच्या हाती आली. त्याच महिन्यात स्त्रियांना मताचा हक्क जाहीर झाला आणि आठ तासांचा दिवस मान्य झाला. या मागण्या बर्नस्टाइनने १८९१ साली लिहिलेल्या होत्या. सत्तावीस वर्षं सभा, निवडणुका, अर्ज-विनंत्या यांतून जे मिळालं नाही, ते काही दिवसांच्या क्रांतीने दिलं. उलट बाजूने पाहिलं, तर सत्तावीस वर्षं ती मागणी लोकांच्या तोंडी बसवली नसती, तर क्रांतीला नेमकं काय मागायचं ते कुठून कळलं असतं?

वर्षाअखेरीस रोझा आणि तिच्या साथीदारांनी कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. स्थापनेच्या अधिवेशनात प्रश्न आला, येत्या निवडणुकीत भाग घ्यायचा का? रोझा म्हणाली, घ्यायचा. तरुण प्रतिनिधींनी तिला ६२ विरुद्ध २३ मतांनी हरवलं. क्रांतीची सगळ्यात तेज लेखणी जिची, ती त्या सभागृहात मतपेटीची बाजू मांडत होती आणि एकटी पडत होती.

जानेवारीत बर्लिनमध्ये उठाव झाला. एबर्टच्या सरकारने तो मोडायला स्वयंसेवी सैनिकी तुकड्या आणल्या. १५ जानेवारी १९१९च्या रात्री त्या सैनिकांनी रोझा आणि कार्ल लिबक्नेख्त यांना पकडून ठार मारलं. रोझाचा मृतदेह कालव्यात टाकला. तो मिळायला मेअखेर उजाडली. हत्येनंतर चार दिवसांनी, १९ जानेवारीला, निवडणूक झाली. जर्मन स्त्रियांनी देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं.

बर्नस्टाइन जुन्या पक्षात परतला, १९२८पर्यंत संसदेत राहिला आणि १८ डिसेंबर १९३२ला बर्लिनमध्ये वारला. सहा आठवड्यांनी हिटलर चॅन्सलर झाला. १९३३च्या उन्हाळ्यापर्यंत पक्ष, त्याची वर्तमानपत्रं, त्याच्या संघटना, सगळ्यांना टाळी लागली. जे वाचवण्यासाठी १९१४ साली मान डोलावली होती, ते एकोणीस वर्षांनी गेलंच.

बर्नस्टाइन आणि रोझा दोघंही बऱ्याच बाबतींत चुकले. पण दोघांनीही एक गोष्ट केली, जी त्यांच्या पक्षाने केली नाही. आपण कुठे चाललो आहोत, हे त्यांनी मोठ्याने सांगितलं आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. म्हणूनच आपल्याला काय करता येणार नाही, हेही दोघांना वेळ आल्यावर कळलं. एकीला पहिल्या दिवशी, दुसऱ्याला वर्षभराने. आउअरच्या सल्ल्यावर चाललेल्या पक्षाला ते कळायला मार्गच नव्हता. न बोलता करत राहायची सवय लागली, की एके दिवशी आपण काय करून बसलो, तेही बोलता येत नाही.